क्लब आणि कॅबरेच्या मंचावर काम सुरू करताना : नव्या कलाकारासाठी मार्गदर्शन

क्लबमध्ये येऊन बसलेला माणूस बहुतेक वेळा तुमच्यासाठी आलेला नसतो. तो मित्रांना भेटायला, आठवड्याचा शीण घालवायला किंवा कुणाचा तरी वाढदिवस साजरा करायला आलेला असतो, आणि त्याच खोलीच्या एका टोकाला तुम्ही माइक घेऊन उभे असता. नाट्यगृहातला प्रेक्षक तिकीट काढून, अंधारात, मंचाकडे तोंड करून बसतो आणि पहिली दहा मिनिटे तरी कलाकाराला सांभाळून घेतो. क्लबातला प्रेक्षक उजेडात टेबलाभोवती बसतो, त्यातल्या निम्म्यांची तुमच्याकडे पाठ असते, आणि सांभाळून घेण्याचे त्याला काही कारण नसते. हा फरक ज्याच्या लवकर लक्षात येतो त्याचे पुढचे शिक्षण सोपे जाते. ज्याच्या येत नाही तो दहा वर्षांनीही ‘लोकांना कदर नाही’ असेच म्हणत राहतो.

या मंचावर गायक, निवेदक, विनोदकार, जादूगार असे अनेक प्रकारचे कलाकार काम करतात. मी गायिका असल्यामुळे पुढची उदाहरणे मुख्यतः गाण्याची येतील, परंतु खोली सांभाळण्याचे काम सगळ्यांचे सारखेच असते. या व्यवसायात टाळ्यांवरून स्वतःचे मोल ठरवू नये, कारण टाळ्या पुष्कळदा शेजारच्या टेबलावर कापल्या गेलेल्या केकलाही पडतात. त्याच ठिकाणाहून दुसऱ्यांदा बोलावणे आले की नाही, एवढेच पाहावे. खाली दिलेली प्रत्येक पायरी त्या दुसऱ्या बोलावण्याच्या दिशेने आहे.

टेबलाभोवती बसलेल्या लोकांसमोर कला सादर करण्याच्या या पद्धतीला मोठा इतिहास आहे. पॅरिसच्या माँमार्त्र भागात १८८१ साली रोदोल्फ सालीस यांनी ‘ल शा न्वार’, म्हणजे ‘काळे मांजर’, सुरू केले आणि आधुनिक कॅबरेची सुरुवात सहसा तेथून धरली जाते. सालीस केवळ मालक नव्हते. ते स्वतः पाहुण्यांशी बोलत, त्यांची थट्टा करत आणि कलाकारांची ओळख करून देत. इंग्लंडमध्ये १८६२ साली हेन्री सॉली यांच्या पुढाकाराने कामगारांच्या क्लबांची संघटना उभी राहिली. सॉली मद्यपानाच्या विरोधात होते आणि कामगारांनी तेथे वाचावे, व्याख्याने ऐकावीत असा त्यांचा हेतू होता. परंतु काही वर्षांतच क्लबांत बिअर आली आणि पुढे तिच्या जोडीने करमणूकही रुजली. पुढच्या शतकात हेच क्लब शेकडो गायक-विनोदकारांच्या उपजीविकेचे ठिकाण झाले. यॉर्कशायरमधल्या बॅटली या लहानशा गावात १९६७ साली सुरू झालेल्या व्हरायटी क्लबमध्ये पुढच्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग यांचा कार्यक्रम झाला होता. म्हणजे टेबलांसमोर गाणे हे कमी प्रतीचे काम आहे, हा समज मनात असेल तर तो घेऊन मंचावर चढू नये. तो लोकांना लगेच दिसतो.

आधी श्रोता म्हणून जा

ज्या ठिकाणी काम मिळावे असे वाटते तेथे प्रथम श्रोता म्हणून किमान तीन वेळा जावे, आणि त्यातला एक दिवस मुद्दाम गर्दी नसण्याचा निवडावा. भरलेल्या खोलीत बऱ्याच जणांचे निभावते. चौदा माणसे विखरून बसलेली असताना तुमच्याआधीचा कलाकार काय करतो, ते पाहण्यासारखे असते. अशा वेळी मंचाकडे कमी आणि टेबलांकडे जास्त पाहावे. लोक किती वाजता येऊ लागतात, जेवणाची ताटे केव्हा बाहेर पडतात, गप्पांचा आवाज केव्हा चढतो, पहिले जोडपे नाचायला केव्हा उठते आणि कोट-पिशव्यांची आवराआवर केव्हा सुरू होते, या वेळा घड्याळ पाहून लिहून ठेवाव्यात. पुढे स्वतःच्या कार्यक्रमाचा आराखडा करताना या पाच वेळा इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

त्यानंतर ओपन माइकच्या रात्री, म्हणजे कुणालाही नाव देऊन मंचावर येता येते अशा रात्री, किंवा ओळखीच्या कलाकाराच्या कार्यक्रमात त्याच्या परवानगीने दोन गाणी, अशी सुरुवात करावी. पूर्ण संध्याकाळ अंगावर घेण्याची घाई करू नये. दोन गाणी बेताची झाली तर लोक विसरतात. दीड तास बेताचा झाला तर क्लबचा व्यवस्थापक विसरत नाही.

गाण्यांची यादी

बहुतेक क्लबांत एका संध्याकाळी सुमारे ४५ मिनिटांचे दोन सेट, म्हणजे मध्यंतराच्या आधीचा आणि नंतरचा असे गाण्याचे दोन भाग, असतात. बोलणे धरून एका सेटमध्ये ११ ते १२ गाणी बसतात. दोन्ही सेट मिळून २४ गाणी लागत असली तरी तयार मात्र निदान ४० हवीत, कारण ठरवलेल्या यादीतली पाच-सहा गाणी त्या दिवशीच्या माणसांना चालणार नाहीत हे तुम्हाला मंचावर उभे राहिल्यावरच कळणार असते. ‘तयार’ म्हणजे शब्द पाठ आहेत एवढेच नव्हे. कुणीतरी मधूनच चिठ्ठी आणून दिली तरी पुढच्या मिनिटाला ते गाणे सुरू करता आले पाहिजे.

पहिले गाणे ओळखीचे, मध्यम लयीचे आणि गळ्याला सोपे असावे. आपले सर्वांत चांगले गाणे तेथे ठेवण्याचा मोह नवीन माणसाला हमखास होतो आणि ते गाणे वाया जाते, कारण पहिली तीन मिनिटे आवाजाची पातळी जुळवण्यात, वेटरने वाट अडवण्यात आणि लोकांनी तुमचे कपडे पाहण्यात जातात. दुसरे गाणे किंचित वेगाचे घ्यावे. शांत, भावपूर्ण गाणे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर, म्हणजे काही माना तुमच्याकडे वळल्यानंतर घ्यावे आणि त्यानंतर लगेच दुसरे शांत गाणे घेऊ नये. एकाच लयीची तीन गाणी पाठोपाठ आली की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो पुन्हा गप्पांकडे वळतो.

गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीताकडे नवोदितांचे फारच दुर्लक्ष होते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय आणि चार ठोक्यांचा एक भाग असे धरले, तर सोळा भागांचे सुरुवातीचे संगीत ३२ सेकंद चालते. घड्याळ लावून, आरशासमोर, हातात माइक धरून ३२ सेकंद नुसते उभे राहून पाहावे. ध्वनिमुद्रण ऐकताना सुंदर वाटणारा तो तुकडा मंचावर संपता संपत नाही, आणि हात कुठे ठेवावेत या चिंतेने चेहरा बदलतो तो निराळाच. अशा गाण्यांचे सुरुवातीचे संगीत चार भागांवर, म्हणजे आठ सेकंदांवर आणावे. श्रोत्यांपैकी कुणालाही काही कमी झाल्यासारखे वाटत नाही.

शेवटाबद्दल एक सूचना अनुभवातून देते. ‘वन्स मोअर’साठी एक गाणे हाताशी ठेवावे, पण आपले सर्वोत्तम गाणे त्यासाठी राखून ठेवू नये. वन्स मोअर येईलच असे नाही. कित्येक ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला दिवे लागतात आणि राखून ठेवलेले गाणे तुमच्याबरोबर घरी येते.

ही यादी जाड अक्षरांत कागदावर लिहून पायाजवळ जमिनीला चिकटवावी. प्रत्येक ओळीत गाण्याचे नाव, पट्टी आणि दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द असावा. पहिल्या कडव्याचा पहिला शब्द कुणी विसरत नाही; दुसऱ्याचा मात्र पट्टीचे गायकही विसरतात.

पट्टी कशी ठरवावी

मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी ही त्या गायकाची, स्टुडिओतली, चांगल्या दिवशीची पट्टी असते, आणि तीच आपण का घ्यावी याला सवयीखेरीज कारण नसते. आपली पट्टी ताज्या गळ्याने सकाळी ठरवू नये. घरी आठ-दहा गाणी सलग म्हणून झाल्यावर, गळा थोडा थकला असताना, त्या गाण्यातली सर्वांत वरची ओळ लागोपाठ तीन वेळा म्हणून पाहावी. तिसऱ्या वेळीही ती मान न ताणता लागली, तर ती पट्टी योग्य आहे असे समजावे. न लागली तर अर्ध्या स्वराने खाली यावे आणि पुन्हा पाहावे. पुरुषाचे गाणे स्त्रीने किंवा स्त्रीचे पुरुषाने घेतले तर चार-पाच अर्धस्वरांचा फरक सहज पडतो. तयार ट्रॅक, म्हणजे गाण्यासोबत वाजवायचे ध्वनिमुद्रित वाद्यसंगीत, संगणकावर दोन अर्धस्वरांपर्यंत सरकवला तर सहसा चालतो, त्यापुढे ढोल आणि झांजांचा आवाज कृत्रिम होऊ लागतो; अशा वेळी ट्रॅक त्या पट्टीत नव्याने करून घेणे बरे. खर्च होतो, परंतु तो ट्रॅक पुढे वर्षानुवर्षे वापरला जातो.

माइक, ट्रॅक आणि तारा

मोठ्या मंचावरच्या कलाकाराबरोबर ध्वनियोजक असतो. क्लबमध्ये बहुधा तुम्हीच ध्वनियोजक असता, त्यामुळे थोडे शास्त्र समजून घेणे भागच आहे.

हातात धरण्याचा साधा डायनॅमिक माइक या कामाला उत्तम. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि अजूनही तो क्लबोक्लबी दिसतो. पडझड सोसणे हा त्याचा सर्वांत मोठा गुण. असे माइक समोरून येणारा आवाज जास्त आणि पाठीमागून येणारा सर्वांत कमी पकडतात. म्हणून स्वतःला ऐकू येण्यासाठी ठेवलेला मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागच्या दिशेला असावा आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेले मुख्य स्पीकर तुमच्या पुढे, कधीही मागे नसावेत. माइकची जाळी मुठीत झाकून धरण्याची जी लकब काही गायक उचलतात तिने माइकचा हा दिशेचा गुणच नाहीसा होतो, आवाज कोंदट होतो आणि स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागते. ओठ जाळीच्या फार जवळ नेले की खालचे स्वर फुगतात. शांत गाण्यात याचा फायदा घ्यावा आणि वरच्या पट्टीत माइक वीतभर दूर न्यावा.

स्पीकर उंच स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर ठेवावेत. माणसांची शरीरे आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात. स्पीकर खाली असला तर पुढच्या टेबलाचे कान दुखतात आणि मागच्या टेबलाला शब्द कळत नाहीत. याच कारणाने रिकाम्या खोलीत केलेली आवाजाची तपासणी खोली भरल्यावर जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून पहिल्या गाण्यानंतर पुन्हा एकदा पातळी पाहावी. विजेची गुणगुण येऊ लागली तर तारा आणि जोडण्या तपासाव्यात, पण प्लगमधली अर्थिंगची तार काढून गुणगुण थांबवण्याचा ‘उपाय’ कुणी सांगितला तर तो करू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

ट्रॅक दोन वेगवेगळ्या उपकरणांवर असावेत आणि दुसरे उपकरण पिशवीत नव्हे, जोडलेल्या अवस्थेत बाजूला असावे. ते उपकरण फोन असेल तर विमानातल्या प्रवासासाठी असते ती स्थिती लावून ठेवावी, नाहीतर ऐन गाण्यात घंटी वाजते आणि ती अख्ख्या खोलीला ऐकू येते. आवाज तारेनेच न्यावा. ब्लूटूथमध्ये तो उशिरा पोहोचतो आणि संपर्क तुटण्याची भीती वेगळीच. पिशवीत जास्तीची माइकची तार, फ्यूज, बॅटऱ्या, कापडी चिकटपट्टी आणि छोटी विजेरी असावी. जमिनीवरून जाणारी प्रत्येक तार चिकटपट्टीने दाबलीच पाहिजे. ट्रे घेऊन धावणाऱ्या माणसाचा पाय तुमच्या तारेत अडकला, तर त्या संध्याकाळी गाणे कसे झाले हे कुणी विचारणार नाही.

दोन गाण्यांच्या मधली जागा

नव्या कलाकाराची खरी परीक्षा गाण्यात होत नाही. गाणे त्याने बसवलेले असते. परीक्षा गाणे संपल्यावर होते, जेव्हा टाळ्या विरतात, काटे-चमच्यांचा आवाज वर येतो आणि तो पाठ फिरवून ट्रॅक शोधू लागतो. ती पाठ फिरवणे टाळावे. पुढचा ट्रॅक गाणे संपण्याआधीच तयार ठेवावा, आणि बोलायचे असेल ते २० सेकंदांत बोलावे. सुरुवातीचे आणि शेवटचे वाक्य अक्षरशः लिहून पाठ करावे. मधले त्या दिवशीच्या खोलीवर सोडावे. ‘आता मी तुम्हाला एक गाणे ऐकवणार आहे’ हे वाक्य बोलू नये, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते.

मध्येच ओरडणाऱ्या माणसाला पहिल्या वेळी हसून सोडून द्यावे, दुसऱ्या वेळी त्याच्याशी नावाने, सौम्यपणे बोलावे आणि तिसऱ्या वेळी व्यवस्थापकाकडे पाहावे. त्याला अपमानित करून मिळालेला हशा महाग पडतो, कारण त्याच्या टेबलावरचे बाकीचे सात लोक त्याचे मित्र असतात.

या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगण्याजोगी आहे. सुरुवातीच्या काळात एका क्लबमध्ये माझा पहिला सेट रंगत आला होता. पाठमोऱ्या माना वळल्या होत्या, एका कोपऱ्यात दोघीजणी माझ्याबरोबर गुणगुणू लागल्या होत्या, आणि तेवढ्यात कार्यक्रमाचे सचिव हातात सोडतीच्या चिठ्ठ्यांची बरणी घेऊन मंचावर आले आणि त्यांनी माझ्याकडून माइक मागितला. मी माइक दिला, पण देताना म्हणाले, “घ्या, आता खरा कार्यक्रम सुरू होतोय.” कुणीही हसले नाही. सचिव आकडे वाचू लागले आणि माझ्या गाण्याला जी शांतता मी मिळवू शकले नव्हते ती त्या खोलीत पसरली. लोक चष्मे लावून आपापल्या चिठ्ठ्यांवर वाकले होते. ते दर आठवड्याला त्या सोडतीसाठी येत होते, काही तर वीस-वीस वर्षे, आणि मी त्यांच्या आवडीच्या गोष्टीला टोमणा मारला होता. दुसरा सेट मी जीव तोडून गायले; टाळ्या सभ्य होत्या आणि बोलावणे पुन्हा आले नाही.

तेव्हापासून मी कार्यक्रमाआधी मध्यंतरात काय आहे हे विचारते, सोडत किंवा खेळ असेल तर त्याची घोषणा स्वतःच गोडीने करते, आणि दुसऱ्या सेटचे पहिले गाणे बक्षीस लागलेल्या टेबलाच्या नावाने म्हणते. सालीस स्वतः टेबलांमध्ये का फिरत, हे मला त्या बरणीने शिकवले.

बिदागी, विसार आणि करार

काम तोंडी ठरले तरी त्याच दिवशी लिखित स्वरूपात पाठवावे आणि समोरून होकार मागवावा. त्यात तारीख, पोहोचण्याची वेळ, पहिला सूर लावण्याची वेळ, सेटची संख्या आणि लांबी, संपण्याची वेळ, बिदागी किती व ती केव्हा आणि कोणाकडून मिळणार, ध्वनियंत्रणा कोणाची, कपडे बदलायला जागा आहे की नाही, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय, एवढ्या गोष्टी असाव्यात. ‘संपण्याची वेळ’ हा शब्द न लिहिल्यामुळे अर्धा तास फुकट गाणारे कलाकार मी कितीतरी पाहिले आहेत. ओळखीचे ठिकाण नसेल तर विसार घ्यावा. विसार मागितल्याने काम जाते ही भीती बहुतेक वेळा खोटी असते, आणि जे काम विसार मागताच जाते त्याची बिदागीही बुडण्याचा संभव असतो. बिदागी ठरवताना केवळ मंचावरचे दीड तास मोजू नयेत. प्रवास, यंत्रे मांडणे आणि आवरणे धरले तर संध्याकाळ सहा-सात तासांची होते.

एजंट साधारणपणे बिदागीच्या १० ते १५ टक्के दलाली घेतो, आणि काम आणून दिल्यावर घेतो. नाव नोंदवण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. एजंटने मिळवून दिलेल्या क्लबशी त्याला वगळून परस्पर ठरवणे हे फायद्याचे वाटते, पण या व्यवसायात बातमी कलाकाराच्या आधी पुढच्या क्लबमध्ये पोहोचते.

करारातले एक कलम डोळे उघडे ठेवून वाचावे : या क्लबमध्ये गाणाऱ्याने अमुक अंतरात, अमुक महिने दुसरीकडे गाऊ नये. ही बंदी जुनी आहे. लंडनच्या म्युझिक हॉलमधल्या, म्हणजे गाणी-विनोदाच्या करमणूक थिएटरांतल्या, कलाकारांनी जानेवारी १९०७ मध्ये जो संप केला त्याच्या कारणांत जादा खेळांचा मोबदला न मिळण्याबरोबर अशी बंदीची कलमेही होती. मारी लॉइडसारखी आघाडीची कलावंत, जिला स्वतःला अटी घालता येत होत्या, ती त्या संपात लहान कलाकारांच्या बाजूने उभी राहिली. आजही आपल्या क्षेत्रातली संघटना शोधून तिचे सदस्य व्हावे. करार वाचून देणारे आणि बुडालेली बिदागी मागणारे कुणीतरी आपल्या मागे असते.

परवान्यांची चौकशी स्वतः करावी. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात क्लबमध्ये काम करणाऱ्याला पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे. पियानोवादक थेलोनिअस मंक यांचे कार्ड १९५१ मध्ये गेले आणि सुमारे सहा वर्षे त्यांना त्या शहरातल्या क्लबांत वाजवता आले नाही. गायिका बिली हॉलिडे यांनी १९४८ मध्ये कार्नेगी हॉल भरवला, पण कार्ड नसल्यामुळे त्याच शहरातल्या क्लबमध्ये त्यांना गाता येत नव्हते. तसा जाच आज सहसा नसला, तरी कोणत्या ठिकाणी किती वाजेपर्यंत आणि किती मोठ्याने गाता येते याचे नियम असतातच. दुसऱ्यांची गाणी जाहीरपणे सादर करण्याचा परवाना सामान्यतः क्लबने घ्यायचा असतो. तो आहे का, हे विचारण्यात संकोच नको. गाण्याचा मोबदला मागण्याच्या या हक्काची सुरुवातही अशाच एका ठिकाणी झाली. १८४७ साली गीतकार एर्नेस्त बुर्जे पॅरिसमधल्या एका कॅफेत बसले होते, तेथे त्यांचेच गाणे चालू होते, आणि माझ्या कामाचे पैसे तुम्ही देत नाही तर पेयाचे पैसे मीही देणार नाही, असे म्हणून ते अडून बसले. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांची मोबदला गोळा करणारी ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली.

गळा आणि कान

गाण्याआधी घटाघट पाणी प्यायले की गळा ओला होतो असे वाटते, परंतु पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जाते; त्याचा उपयोग शरीरात मुरल्यावर होतो. म्हणून दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. गळा बसला असताना कुजबुजत बोलू नये, कारण अनेकांचा गळा कुजबुजताना उलट ताणला जातो. सरळ गप्प राहावे. कार्यक्रम संपल्यावर गोंगाटात ओरडून गप्पा मारण्याने जेवढे गळे बिघडतात तेवढे गाण्याने बिघडत नाहीत. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

कानांचे नुकसान मात्र भरून येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, हे अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचे प्रमाण आहे. त्या हिशोबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात, आणि स्पीकरच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला १०० डेसिबल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. संगीतकारांसाठी मिळणारे कानातले बोळे वापरावेत आणि मॉनिटर गरजेपुरताच ठेवावा.

त्या संध्याकाळी, आणि नंतर

पहिल्या सुराच्या निदान दीड तास आधी पोहोचावे. पोहोचल्यावर व्यवस्थापकाच्या आधी बारमागच्या माणसाला आणि सफाई करणाऱ्या बाईंना नमस्कार करावा. नवा कलाकार कसा होता हे दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक त्यांनाच विचारतो. मंचावरचे कपडे घालून खोलीत फिरू नये, कार्यक्रम संपेपर्यंत मद्य घेऊ नये, आणि घेतलेच तर शेवटच्या गाण्यानंतर. लोक पेला पुढे करतात. ‘नंतर नक्की’ म्हणून तो टेबलावर ठेवता येतो आणि कुणाला राग येत नाही.

शेवटचे गाणे झाले की लगेच तारा गुंडाळायला बसू नये. दहा मिनिटे खोलीत थांबावे, सर्वांत मागच्या टेबलाशी आधी बोलावे. बिदागी मोजून घ्यावी, पावती द्यावी, आणि निघण्यापूर्वी व्यवस्थापकाला पुढच्या मोकळ्या तारखा विचाराव्यात. दोन दिवसांनी फोन करण्यापेक्षा त्याच रात्री, खुर्च्या उलट्या होत असताना विचारलेले बरे.

घरी परतल्यावर कितीही उशीर झाला तरी वहीत त्या ठिकाणाचे एक पान लिहावे. विजेचा खटका कुठे आहे, मंचाच्या कोणत्या बाजूला शिट्टी वाजते, जेवण किती वाजता आले, सोडत केव्हा झाली, कोणत्या गाण्याला कोण उठले, कोणते गाणे पडले, कुणी कोणती फरमाईश केली जी आपल्याला येत नव्हती, आणि त्या फरमाईश करणाऱ्याचे टेबल कोणते होते. ते गाणे पुढच्या खेपेच्या आधी बसवावे आणि दुसऱ्या सेटमध्ये, त्या टेबलाकडे पाहून म्हणावे.